चाक बदलताय? आधी मापं घ्या!

एमजीबी ही १९६२ ते १९८० मध्ये इंग्लंडात बनलेली स्पोर्ट्स कार. तिला अलॉय व्हील घेताना आपण आधी डिझाइन बघतो. इथेच चुकतं!

पहिलं बघा पीसीडी, म्हणजे स्टड ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास. एमजीबीला चार स्टड, पीसीडी ११४.३ मिमी. जुन्या मिनीलाही चारच, पण १०१.६ मिमी, म्हणून तिचं चाक इथे बसत नाही. दुसरं ऑफसेट: रिमची मध्यरेषा आणि हबला टेकणारी बाजू यांतलं अंतर. ते चुकलं की टायर घासतो किंवा बेअरिंगवर लोड वाढतो. गाडीला मुळात तारांची चाकं असतील, तर हबच वेगळा असतो.

शेवटी नट. ते चाकाच्या सीटला जुळणारेच हवेत, नाहीतर ढिले होतात. धावत्या गाडीचं चाक निखळलं, तर डिझाइन काय कामाचं?