सरकारी नोंदी वाचावयाची सवय

पावसाळ्यात गावोगावी एक वाद हमखास ऐकू येतो. सोमवारी दुपारी मुसळधार पाऊस होतो, बांध फुटतात, उभे पीक आडवे होते. पुढे मंडळाच्या पावसाची नोंद पाहिली जाते, तेव्हा सोमवारच्या तारखेपुढे पाऊस जवळजवळ नाहीच, असे आढळते. "नोंदच खोटी!" असे म्हणून शेतकरी चावडीवरून परत फिरतो आणि पुढील अर्जविनंत्यांचा नाद सोडून देतो. वस्तुतः नोंद खोटी नसते. ती मंगळवारच्या तारखेपुढे असते.

भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या रीतीप्रमाणे पावसाचा दिवस मध्यरात्री संपत नाही. तो सकाळी साडेआठ वाजता संपतो. मंगळवारच्या तारखेस जो पाऊस लिहिला जातो, तो सोमवारी सकाळी ८.३० पासून मंगळवारी सकाळी ८.३० पर्यंत पडलेला असतो. एवढी एक गोष्ट ठाऊक नसल्यामुळे स्वतःचा खरा पुरावा समोर असूनही तो अनेकांना दिसत नाही.

पाऊस, बाजारभाव, जमीन, पीक, विहिरी, लोकसंख्या या सर्वांची मोजदाद सरकार शेतकऱ्याच्या नावाने आणि त्याच्याच पैशाने करीत असते. पूर्वी हे कागद दप्तरात बांधलेले असत. आता त्यांतील पुष्कळसे सरकारी संकेतस्थळांवर, म्हणजे मोबाइलवर उघडता येतील अशा पानांवर, कोणासही पाहता येतात. तरीही काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी बहुतेकांची स्थिती आहे. माहिती उघडी झाली. ती वाचावयाची सवय मात्र अजून लागावयाची आहे.

पावसाचा आकडा

राज्याच्या कृषी विभागाच्या 'महारेन' या संकेतस्थळावर महसूल मंडळनिहाय दैनंदिन पाऊस पाहावयास मिळतो. 'महावेध' प्रकल्पाखाली महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे उभारली गेली आहेत. मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला म्हणजे अतिवृष्टी समजण्याची राज्यात पद्धत आहे. हवामानावर आधारित फळपीक विम्यातही केंद्राच्या नोंदींवरच भरपाई ठरते. तेव्हा हा आकडा केवळ कुतूहलाचा नव्हे. त्यावर घरातील चूल अवलंबून असते.

मिलिमीटर या मापाचा अर्थही समजून घ्यावा. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे एका हेक्टरवर १०,००० लिटर आणि एका एकरावर सुमारे ४,०४७ लिटर पाणी. या हिशेबाने ६५ मिलिमीटर पावसात एका एकरावर सुमारे २ लाख ६३ हजार लिटर पाणी एका दिवसात उतरते. शेतातील चर आणि बांधाची सांड किती मोठी असावी, याचा अंदाज यावरून करता येतो.

मंडळातील केंद्र एके ठिकाणी असते आणि पाऊस मात्र शिवाराशिवारात बदलतो. म्हणून गावाने आपलीही मोजणी ठेवणे इष्ट होय. सरळ उभ्या बाजूंचा व सपाट तळाचा डबा मोकळ्या जागी, झाडे व भिंती यांपासून दूर, वाऱ्याने कलणार नाही असा घट्ट बसवावा. रोज सकाळी साडेआठ वाजता आतील पाण्याची उंची पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजावी, वहीत तारखेसह लिहावी आणि डबा रिकामा करावा. डब्याच्या बाजू सरळ असल्या की त्याचे तोंड लहान असो वा मोठे, उंची तीच येते. अशी वही सरकारी नोंदीची जागा घेऊ शकत नाही, हे खरे. परंतु फरक केव्हा व किती पडला, हे वेळीच आणि लेखी सांगता येते. आठवणीवर मांडलेल्या तक्रारीपेक्षा तारीखवार मांडलेल्या तक्रारीचे वजन केव्हाही अधिक असते.

जमिनीचा आरसा

गाव नमुना सात हा जमिनीच्या हक्कांचा आणि गाव नमुना बारा हा पिकांचा. दोन्ही मिळून सातबारा होतो. महाभूमीच्या संकेतस्थळावर तो माहितीसाठी विनामूल्य पाहता येतो. डिजिटल स्वाक्षरी असलेला उतारा १५ रुपये भरून मिळतो. कर्जाची गरज पडली म्हणजेच सातबारा पाहावयाचा, ही रीत चांगली नाही. वर्षातून दोनदा तरी तो उघडून नाव, क्षेत्र, पोटखराबा, इतर हक्कांचा रकाना आणि पीक या पाच गोष्टी तपासाव्यात.

क्षेत्र वाचताना अनेकांचा गोंधळ होतो. ०.८०.०० असा आकडा असल्यास तो हेक्टर, आर व चौरस मीटर या क्रमाने वाचावा. म्हणजे ते क्षेत्र ८० आर. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर आणि एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. म्हणून ८० आर म्हणजे सुमारे ७९ गुंठे, अर्थात दोन एकरांस एक गुंठा कमी. नोंद करताना लेखनप्रमाद झाला असल्यास महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ प्रमाणे तो दुरुस्त होऊ शकतो. मात्र तो आधी कोणाच्या तरी नजरेस पडावा लागतो.

'आपली चावडी' हे पान तर प्रत्येकाने पाहावे असे आहे. जमिनीच्या फेरफाराची नोटीस पूर्वी चावडीच्या भिंतीवर लागे. आता ती या पानावरही दिसते. ज्यास हरकत घ्यावयाची असेल त्याने नोटिशीपासून १५ दिवसांच्या आत ती घ्यावयाची असते. पुण्यामुंबईस गिरणीत वा कचेरीत नोकरी करणाऱ्या भावाला, किंवा सासरी गेलेल्या बहिणीला, गावातील वडिलोपार्जित जमिनीवर कोणता फेरफार धरला गेला आहे हे घरबसल्या कळण्याचा हा मार्ग होय. पंधरा दिवस निघून गेल्यावर जो वाद काही वर्षे चालतो, तो पुष्कळदा पंधरा मिनिटांच्या वाचनाने टळला असता.

पिकाची नोंद १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणीच्या द्वारे शेतकऱ्यास स्वतः करता येऊ लागली आहे. शेतात उभे राहून छायाचित्रासह ही नोंद करावयाची असते. जेथे मोबाइल चालविणारे कोणी घरात नसेल, तेथे कार्यकर्त्याने मुदत संपण्यापूर्वी आठवण देणे हीच मोठी मदत ठरते.

भावाच्या तीन ओळी

कृषी पणन मंडळाच्या आणि केंद्र सरकारच्या 'ॲगमार्कनेट' या संकेतस्थळांवर बाजार समित्यांचे दर रोज येतात. तेथे कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण असे तीन दर दिलेले असतात. शेतकऱ्याचे डोळे स्वाभाविकपणे सर्वांत मोठ्या आकड्यावर खिळतात, आणि तेथेच हिशेब चुकतो.

समजा, एखाद्या दिवशी कांद्याचा कमीत कमी दर क्विंटलला ५०० रुपये, जास्तीत जास्त २,१०० आणि सर्वसाधारण १,३०० रुपये आहे. २,१०० हा दर निवडक मालाच्या एखाद्या छोट्या ढिगासही मिळालेला असू शकतो. बहुतेक माल ज्या दराने विकला जातो, तो सर्वसाधारण दर. साठ क्विंटल कांदा नेणाऱ्याने २,१०० चा हिशेब मनात धरून गाडी ठरविली, तर त्याच्या अपेक्षेत आणि प्रत्यक्ष पट्टीत ४८,००० रुपयांची तफावत पडू शकते. म्हणून सर्वसाधारण दर पाहावा. तोही एका दिवसाचा नव्हे, आठवड्याचा. शेजारी दिलेली आवक वाढत आहे की घटत आहे, याकडेही लक्ष द्यावे. जवळच्या दोन बाजारांची तुलना करताना भाडे, हमाली व तोलाई वजा करण्यास विसरू नये.

आजोबांच्या काळातील शिवार

केवळ उपयोगाचीच नव्हे, तर मनोरंजक माहितीही या भांडारात पुष्कळ आहे. मुंबई इलाख्याचे जिल्हा गॅझेटियर जेम्स कॅम्बेल यांच्या संपादनाखाली एकोणिसाव्या शतकात निघाले. रत्नागिरीचा खंड १८८० चा, पुण्याचा व साताऱ्याचा १८८५ चा. राज्याच्या दर्शनिका विभागाने असे जुने ग्रंथ संकेतस्थळावर ठेवले आहेत. त्या काळची पिके, औते, आठवडे-बाजार आणि १८७६-७७ चा दुष्काळ यांचे वर्णन त्यांत सापडते. ग्रंथ इंग्रजीत आहेत. गावच्या शाळेतील गुरुजींनी त्यांतील आपल्या तालुक्याचा भाग मुलांना मराठीतून सांगितल्यास एक तास सत्कारणी लागेल. २०११ च्या जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकांत गावनिहाय घरे, लोकसंख्या व ओलिताचे क्षेत्र यांचे आकडे आहेत. ग्रामसभेत विकासाचा आराखडा मांडताना 'पूर्वी असे होते' एवढे म्हणण्याऐवजी आकडा पुढे ठेवता येतो.

सावधगिरी

सरकारच्या नावाने खोटी पाने व खोटी ॲप्स पसरविणारेही आहेत. बहुतेक सरकारी संकेतस्थळांचा पत्ता 'जीओव्ही डॉट इन' किंवा 'एनआयसी डॉट इन' या अक्षरांनी संपतो. तो आधी पाहावा. व्हॉट्सॲपवर 'योजनेचा हप्ता जमा झाला' असे सांगून एखादी फाइल आली, तर ती उघडू नये. बँकेचा गुप्त क्रमांक कोणासही सांगू नये. शंका असल्यास किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या निःशुल्क क्रमांकावर विचारावे.

कार्यकर्त्याचा फळा

सर्वांजवळ मोबाइल नसतो आणि असला तरी सर्वांस ही पाने उघडता येत नाहीत. येथेच गावपातळीवरील कार्यकर्त्याचे खरे काम सुरू होते. ग्रामपंचायतीच्या दाराशी एक फळा असावा. त्यावर रोज सकाळी मंडळाचा पाऊस, मुख्य पिकाचा सर्वसाधारण दर आणि गावात नवीन फेरफाराची नोटीस लागली असल्यास तिची हरकतीची अखेरची तारीख, एवढ्या तीन ओळी लिहाव्यात. हवामान विभागाचा जिल्ह्याचा कृषी सल्ला मंगळवारी व शुक्रवारी निघतो. त्या दोन दिवशी त्याचे सार चौथ्या ओळीत द्यावे. या कामास अर्धा तास पुरतो.

दुसऱ्याने वाचून सांगितलेली नोंद ऐकणारा शेतकरी आणि स्वतः नोंद वाचून प्रश्न विचारणारा शेतकरी यांत मोठे अंतर आहे. पहिल्याचा अर्ज विनवणीचा असतो, दुसऱ्याचा हक्काचा. फळ्यावरील चार ओळी रोज वाचता वाचता हे अंतर कमी होत जाईल, आणि सोमवारचा पाऊस मंगळवारी शोधणारी माणसे गावात तयार होतील.