घोयरा धावत नाही

रायपूरच्या तात्यापारा भागात कुंपणावर मान वरखाली करणारा प्राणी दिसला, की मराठी घरातली आजी त्याला सरडा म्हणते आणि दारावरची भाजीवाली टेटका. विणीच्या दिवसांत नराचा गळा लालभडक होतो, म्हणून तो रंगबदलू ठरला. आपल्या म्हणीतली कुंपणापर्यंतची धाव याचीच. पण मोबाइलवर व्हिडिओ पाहून नातवंडं ‘आपण पाळू या ना’ म्हणत ज्याच्यासाठी मागे लागतात, तो हा नव्हे. तो शॅमेलिऑन, आपला घोयरा, म्हणजे पुस्तकांतला सरडगुहिरा. भारतात त्याची एकच जात आहे, आणि ती मध्य भारतातल्या पानझडी जंगलांतही राहते. तो मात्र धावत नाही. एक पाऊल टाकायचं, ते हवेतच झुलवायचं, मग टेकवायचं. वाऱ्याने पान हलावं तशी ही चाल.

हट्टाचं उत्तर कायद्याने देऊन ठेवलं आहे. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार हा देशी घोयरा घरात ठेवणं गुन्हा आहे. परदेशी जातींसाठीही 2024च्या नियमांनुसार सरकारदरबारी नोंदणी लागते. त्यामुळे पिंजऱ्यातल्या शॅमेलिऑनच्या करामती आपल्याला कळतात त्या मुख्यतः परदेशातून. येमेनकडचा, डोक्यावर उंच तुरा असलेला व्हेल्ड शॅमेलिऑन आणि मादागास्करचा पँथर शॅमेलिऑन परदेशांत घरी आणि प्रयोगशाळांतही पाळले जातात.

पहिली फजिती पाण्याची. नव्याने पाळणारा कौतुकाने वाटीभर पाणी ठेवतो आणि हा वाटीशेजारी बसून तहानेने सुकत जातो. साचलेलं पाणी त्याच्या लेखी सहसा पाणीच नसतं. पानावरचा थेंब लकाकला, ओघळला, की जीभ बाहेर येते. म्हणून पाळणारे पिंजऱ्यातल्या झाडांवर फवारा मारतात किंवा थेंब टपकत राहील अशी नळी लावतात. याला बुद्दूपणा म्हणायची घाई नको. ज्याचे पूर्वज झाडावर राहून दव आणि पाऊस चाटत जगले, त्याने वाटी कुठे पाहिली असणार?

उन्हाच्या बाबतीत मात्र तो भलताच हिशेबी आहे. पँथर शॅमेलिऑनवरचं एक संशोधन 2009 साली प्रसिद्ध झालं. ज्यांच्या खाण्यात ड-जीवनसत्त्व कमी होतं, ते अतिनील किरणांत आपणहून जास्त वेळ बसत. ज्यांना ते खाण्यातून मिळत होतं, ते कमी बसत. पोटात काय कमी आहे हे ओळखून ऊन मोजून घेणारा हा प्राणी! आपल्याला त्यासाठी रक्त तपासून घ्यावं लागतं.

लपंडाव हा त्याचा दुसरा गुण. तुम्ही पिंजऱ्याजवळ गेलात की तो काठीच्या पलीकडच्या बाजूला सरकतो, अंग चपटं करतो. तुम्ही वळसा घातलात की तोही तेवढाच वळसा घेतो. काठी कायम मध्ये. पाळणाऱ्याला वाटतं, खेळतोय. मला विचाराल तर तो शत्रू टाळतोय, आणि तो शत्रू तुम्ही आहात.

रंगांचंही तसंच. पाठीमागच्या पडद्याशी जुळवून घ्यायला तो रंग बदलतो, हा समज काही जात नाही. रंग बदलतो तो प्रामुख्याने ऊब घ्यायला आणि बोलायला. गार सकाळी अंग काळपट होतं, तापल्यावर फिकटतं. जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी 2015 साली दाखवलं, की पँथर शॅमेलिऑनच्या कातडीत ग्वानिनचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात. तो शांत असताना ते दाटीने असतात आणि निळा प्रकाश परतवतात. त्यावर कातडीतला पिवळा रंग मिसळला की अंग हिरवं दिसतं. प्रतिस्पर्धी दिसला की स्फटिक दूर सरकतात आणि हिरव्याचा पिवळा, केशरी होतो. व्हेल्ड जातीच्या नरांच्या झुंजींत तर ज्याच्या डोक्याचा रंग झपाट्याने उजळतो, त्याची जिंकण्याची शक्यता जास्त, असं 2013 साली आढळलं. काचेच्या पेटीत हीच पंचाईत होते. काचेत स्वतःचंच प्रतिबिंब दिसतं आणि हा बिचारा दिवसभर त्याच्याशी भांडायला उभा. जाळीचा पिंजरा बरा म्हणतात, त्याचं हवा खेळती राहण्याबरोबरच हेही एक कारण.

डोळ्यांची गंमत सर्वांना ठाऊक आहे. एक छताकडे, दुसरा तुमच्याकडे. रातकिडा दिसला की दोन्ही त्याच्यावर खिळतात आणि शरीराच्या दीडपट-दुप्पट लांबीची जीभ सुटते. तिच्या टोकाची लाळ आपल्या लाळेच्या सुमारे 400 पट चिकट असते. पण अंतर कसं कळतं? 1977 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात शॅमेलिऑनला चक्क चष्मा लावला आणि त्याचा नेम चुकू लागला! कॅमेऱ्याचं भिंग जुळवावं तसं तो डोळ्याचं भिंग जुळवून अंतर ठरवतो, हे त्यावरून समजलं.

एवढा एकलकोंडा प्राणी, तर एकट्याने वाढवला तर काय बिघडलं? 2014 सालच्या एका अभ्यासात व्हेल्ड जातीची काही पिल्लं एकेकटी वाढवली आणि काही घोळक्यात. एकटी वाढलेली पिल्लं इतरांसमोर दबून राहिली, त्यांचे रंग निस्तेज राहिले आणि भक्ष्य टिपण्यातही ती मागे राहिली.

रात्री घोयरा फिकट होतो, इतका की जंगलात विजेरीच्या झोतात पांढुरक्या पानासारखा उठून दिसतो. झोपायला तो बारीक डहाळीचं टोक निवडतो, म्हणजे साप आलाच तर डहाळी आधी हलेल. पिंजऱ्यात साप येणार नसतो. तरी दिवा मालवायची वेळ झाली की तो हळूहळू, झुलत झुलत टोकाशी जातो, शेपटीची गुंडाळी करतो आणि डोळे मिटतो.