'वॉल्टन' : एका इंग्रजी ग्रामनामाचा व आडनावाचा अर्थ

इंग्लंडच्या नकाशावर 'वॉल्टन' नावाची गावे अनेक परगण्यांत विखुरलेली आढळतात. त्यांचे आजचे लेखन व उच्चार सर्वत्र सारखेच असल्याने त्यांची व्युत्पत्तीही एकच असावी, असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु हा समज यथार्थ नाही. किंबहुना, नामाच्या वर्तमान रूपावरून त्याचा मूलार्थ ठरविणे किती धोक्याचे असते, याचे हे नाम उत्तम उदाहरण होय.

नामाचे उत्तरपद निर्विवाद आहे. प्राचीन इंग्रजीतील 'टून' या शब्दाचा मूळ अर्थ 'कुंपण' वा 'कुंपणाने वेढलेली जागा' असा होता. 'कुंपण' या अर्थाचा जर्मन 'त्साउन' हा त्याचाच सगोत्र शब्द. पुढे 'टून'ला शेतवाडी व नंतर गाव असे अर्थ प्राप्त झाले. आजचा 'टाउन' हा शब्द त्यातूनच आला.

वाद आहे तो पूर्वपदाविषयी. ते निदान चार भिन्न शब्दांपासून आलेले असू शकते : 'वाल्ह' म्हणजे ब्रिटन लोकांपैकी एक, 'वेआल' म्हणजे भिंत, 'वेआल्ड' म्हणजे अरण्य, आणि बोलीविशेषातील 'वॅला' म्हणजे झरा. कालौघात अंत्यवर्ण झिजल्यामुळे ही चारही पदे 'वॉल्' या एकाच उच्चारात विलीन झाली.

यांपैकी पहिला शब्द विशेष विचारार्ह आहे. जर्मानिक भाषांत तो 'परका', विशेषतः केल्टिक वा लॅटिन भाषा बोलणारा, या अर्थाने रूढ होता. व्होल्की या केल्टिक जमातीच्या नावावरून तो निघाला, असे सामान्यतः मानले जाते. वेल्स, वालोनिया व वलाकिया ही प्रदेशनामे आणि वॉलेस व वॉल्श ही आडनावे याच परिवारातील होत. अक्रोडाचे इंग्रजी नाव 'वॉलनट' म्हणजेही मूलतः 'परक्यांचे कठीण कवचाचे फळ' असेच आहे. वेसेक्सचा राजा इने (राज्यकाल ६८८ ते ७२६) याच्या कायद्यात हा शब्द ब्रिटन प्रजाजनांसाठी योजिला असून, त्यांच्या वधाबद्दल द्यावयाचे मूल्य समान भूमी असलेल्या इंग्रजापेक्षा कमी ठरविलेले आहे. पुढे या शब्दाला 'दास' हाही अर्थ आला. या अर्थांतरात एका जित समाजाची अवनती प्रतिबिंबित झाली आहे.

मग एखाद्या विशिष्ट वॉल्टनचा अर्थ निश्चित कसा करावयाचा? त्यासाठी जुन्या लेखनाचा आधार घ्यावा लागतो. 'वाल्ह' शब्दाचे षष्ठी बहुवचन 'वाला' असे होते. हा प्रत्ययस्वर मध्ययुगीन दप्तरांत 'ए' या रूपाने टिकून राहतो. टेम्स नदीवरील वॉल्टनचे नाव १०८६ च्या डूम्सडे नोंदवहीत 'वालेटोना' असे आढळते. म्हणून त्याचा अर्थ 'ब्रिटनांची वाडी' असा घेतात. याउलट, कंब्रिया परगण्यातील वॉल्टनच्या जुन्या लेखनात हा मधला स्वर नाही, आणि ते गाव रोमन सम्राट हेड्रियनने बांधविलेल्या भिंतीनजीक वसलेले आहे. तेथे 'भिंतीजवळची वाडी' हाच अर्थ ग्राह्य ठरतो. तथापि नॉर्मन लेखनिक कधी कधी निष्कारण स्वर घालीत. यास्तव एकाच नोंदीवर विसंबून न राहता लेखनातील सातत्य व स्थलाची रचना ही दोन्ही पाहावी लागतात. ग्रामनामांतील 'वाल्ह' शब्दाची अशी काटेकोर छाननी केनेथ कॅमेरॉन यांनी केली.

हा प्रश्न केवळ शब्दकोशाचा नाही. इंग्रजांच्या आगमनानंतर पूर्व व मध्य इंग्लंडमधील ब्रिटनांचा समूळ उच्छेद झाला, असे एकोणिसाव्या शतकातील काही इतिहासकार मानीत. 'ब्रिटनांची वाडी' अशी नावे त्या मताला बाधक ठरतात. जे. आर. आर. टॉल्किन यांनी १९५५ च्या ऑक्सफर्ड येथील व्याख्यानात या नामांचा परामर्श घेतला होता. मात्र येथेही एक मर्यादा लक्षात ठेवावयास हवी. वेगळेपणा दर्शविण्यासाठीच असे नाव पडते, आणि ते शेजारी देतात. म्हणून ते नाव ब्रिटनांचे अस्तित्व जसे सुचविते, तसेच सभोवार इंग्रजांची वस्ती होती हेही सुचविते.

ग्रामनामापासून आडनाव बनण्याची प्रक्रिया नॉर्मन विजयानंतरच्या शतकांत दृढ झाली. 'द वालेटोन' म्हणजे 'वालेटोनचा' या प्रयोगातील संबंधदर्शक अव्यय कालांतराने गळून पडले. मराठीत 'कर' हा प्रत्यय नामाला चिकटून राहिला. इंग्रजीत असे चिन्ह उरले नाही, म्हणूनच तेथे ग्रामनाम व आडनाव एकरूप दिसतात. गावात राहणाऱ्या सर्वांना ते नाव लावून ओळख पटत नसे. गाव सोडून अन्यत्र गेलेल्यालाच ते बहुधा चिकटे.

यावरून असे दिसून येते की, 'द कम्प्लीट अँगलर' (१६५३) या ग्रंथाचा कर्ता आयझॅक वॉल्टन, संगीतरचनाकार विल्यम वॉल्टन आणि १९५१ च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी, पदार्थवैज्ञानिक अर्नेस्ट वॉल्टन हे केवळ आडनावाच्या साम्यामुळे एका कुळातील ठरत नाहीत. त्यांचे पूर्वज ब्रिटन होते, असेही त्यावरून म्हणता येत नाही. आडनाव सांगते ते पूर्वजाचे गाव, आणि गावाचे नाव सांगते ते त्याच्याही पूर्वीच्या वस्तीचे स्वरूप. या दोन पायऱ्यांची गल्लत न करणे, हे नामव्युत्पत्तीच्या अभ्यासाचे पहिले पथ्य होय.