कळणारा चट्टा

रुग्णाला डोळे मिटायला सांगायचं, चट्ट्यावर कापसाचा बोळा फिरवायचा आणि विचारायचं, "कळतंय का?" कुष्ठरोगाची ही साधी तपासणी वर्धा जिल्ह्यात रुजली, त्यामागे माणसांनी आयुष्यं वेचली आहेत. मनोहर दिवाणांनी १९३६ साली दत्तपूरला कुष्ठधाम उभारलं. पुढे सेवाग्रामला कुष्ठरुग्ण परचुरे शास्त्रींना गांधीजी स्वतः मालिश करत. १९५१ पासून गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशनने वर्ध्याहून पाहणी, लोकशिक्षण आणि उपचार एकत्र गुंफले.

बोळा कळला, तरी कुष्ठरोग नाहीच असं म्हणता येत नाही. आणि तो नसला, तरी चट्टा कशाचा हा प्रश्न उरतोच. मला तोच महत्त्वाचा वाटतो.

एक उदाहरण घ्या : काही प्रौढांत छाती-पाठीवर तांबूस-तपकिरी डाग उठतात, त्यांत बारीक रक्तवाहिन्यांची जाळी दिसते. हा मॅस्टोसायटोसिसचा, म्हणजे मास्ट पेशी फाजील वाढण्याच्या आजाराचा, त्वचेवरचा एक दुर्मीळ प्रकार. नाव लांबलचक : टेलॅन्जिएक्टेशिया मॅक्युलॅरिस इरप्टिवा पर्स्टन्स. या आजाराच्या कुळातले डाग लंडनच्या नेटलशिपने १८६९ मध्ये नोंदवले. मास्ट पेशी एर्लिकने १८७८ च्या प्रबंधात ओळखल्या आणि १८८७ मध्ये उनाने त्या या डागांत दाखवल्या. प्रौढांतला हा प्रकार पार्क्स वेबरने १९३० साली मांडला. आता तो स्वतंत्र न मानता मोठ्या गटात धरतात, पण रुग्णाची खाज त्याने कमी होत नाही.

एरवी या आजारात डाग चोळला की फुगतो. इथे पुष्कळदा फुगत नाही, म्हणून निदान हुकतं. बायोप्सीचा तुकडा टोल्युइडिन ब्लूने रंगवला, की निळ्या पार्श्वभूमीवर मास्ट पेशींचे जांभळे दाणे उठून दिसतात. त्या दाण्यांतलं हिस्टामिन सुटलं की अंग लाल होतं, खाजतं, कधी चक्कर येते. उष्णता, घर्षण, दारू, काही वेदनाशामकं आणि मधमाशीचा डंख ही त्याची निमित्तं. मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ अंशांना टेकतो, तेव्हा अशा रुग्णाचे हाल कोणी लक्षात घेत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

खाजेवर अँटीहिस्टामिन चालतं. पण प्रौढांत आजार कातडीपुरताच आहे ना, हे पाहावं लागतं; म्हणून मास्ट पेशींतून रक्तात येणारं ट्रिप्टेज तपासतात, गरज पडल्यास अस्थिमज्जाही. शस्त्रक्रिया ठरली असेल, तर भूलतज्ज्ञाला हे आधी सांगायलाच हवं, कारण भुलेची काही औषधंही या पेशींना चेतवतात.