बॅकअप आहे हो, पण परत आणता येतो का? क्लाउडवरच्या डिझास्टर रिकव्हरीची गोष्ट

(ताज्या भागाचा हा लिखित मजकूर, ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी. बोललो तसंच बऱ्यापैकी ठेवलंय, फक्त 'म्हणजे' आणि 'अ‍ॅक्च्युअली' जरा कमी केलेत.)

[००:००]

आज सुरुवात माझ्याच एका घोळापासून करतो.

माझी पहिली नोकरी. आम्ही छोट्या दवाखान्यांसाठी अपॉइंटमेंट आणि बिलिंगचं सॉफ्टवेअर चालवायचो. शुक्रवार, संध्याकाळचे सव्वासहा. एका दवाखान्याच्या रिसेप्शनवरच्या ताईंचा फोन आला. म्हणाल्या, "सर, पेशंटची यादीच दिसत नाहीये. माझं काही चुकलं का?"

त्यांचं काहीच चुकलं नव्हतं, चुकलं होतं माझं. शेजारी-शेजारी दोन टर्मिनल उघडे होते, एक टेस्टिंगचा, एक खरा. डेटा साफ करणारी स्क्रिप्ट मी खऱ्यावर चालवली होती.

पहिला विचार आला, "ठीक आहे, बॅकअप आहे." आणि बॅकअप खरंच होता. तरीही सिस्टिम पुन्हा सुरू व्हायला पहाटेचे सव्वापाच वाजले. तब्बल अकरा तास. त्यात डेटा कॉपी व्हायला किती वेळ लागला असेल? चाळीस मिनिटं! बाकीचे दहा तास आम्ही नुसती शोधाशोध करत होतो.

ते दहा तास कुठे गेले, हाच आजचा विषय. याला डिझास्टर रिकव्हरी म्हणतात, थोडक्यात 'डीआर'.

[०२:४०] आधी दोन प्रश्न

समजा, तुमचा फोन आज संध्याकाळी हरवला. व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप काल रात्री दोन वाजता झालाय. म्हणजे रात्री दोननंतरचे मेसेज गेले. किती वेळाचा डेटा गेला तर आपण सहन करू शकतो, या मर्यादेला म्हणतात 'आरपीओ'.

आता नवीन फोन घेतला, सिम मिळालं, बॅकअप उतरवला, चॅट सुरू झालं. या सगळ्याला किती वेळ लागला तर चालेल, ती मर्यादा म्हणजे 'आरटीओ'. (गाडीचं लायसन्स देणारं आरटीओ नव्हे! तिथे किती वेळ लागेल हे कुणीच सांगू शकत नाही.)

प्लॅनिंगची सुरुवात टूल्सपासून करू नका, या दोन प्रश्नांपासून करा. आणि ते इंजिनियरला नाही, धंदा चालवणाऱ्याला विचारा. दवाखान्याला विचारलं असतं तर उत्तर सोपं होतं: "दिवसभराच्या नोंदी जाऊन चालणार नाहीत." आमचा बॅकअप मात्र दिवसातून एकदाच, रात्री दोनला व्हायचा. म्हणजे उत्तर आणि व्यवस्था यांचा मेळच नव्हता. कुणी विचारलंच नव्हतं ना!

[०४:५५] रेप्लिका म्हणजे बॅकअप नव्हे

आमच्याकडे डेटाबेसची एक जिवंत जोड-कॉपीही होती, रेप्लिका. मूळ डेटाबेसचा सर्व्हर बंद पडला तर ती उभी राहते. पण मी जे डिलीट केलं, ते तिनेही दोन सेकंदांत इमानेइतबारे डिलीट केलं. तिचं कामच ते!

म्हणून लक्षात ठेवा, रेप्लिका मशीन बंद पडण्यापासून वाचवते. माणसाच्या चुकीपासून, बगपासून किंवा रॅन्समवेअरपासून वाचवतो तो जुन्या वेळेचा बॅकअप. दोन्ही लागतात. आज बहुतेक क्लाउड डेटाबेसमध्ये 'पॉइंट-इन-टाइम रिकव्हरी' मिळते, म्हणजे "मला सहा वाजून चौदा मिनिटांच्या स्थितीत ने" असं सांगता येतं. ती चालू आहे का आणि किती दिवस मागे जाता येतं, हे आजच बघून घ्या.

[०६:३०] गिटलॅबची रात्र

अशी चूक करणारा मी एकटा नाही, हे मला नंतर कळलं. ३१ जानेवारी २०१७. गिटलॅबचा एक इंजिनियर रात्री उशिरापर्यंत रेप्लिकेशनच्या भानगडीशी झुंजत होता. दुय्यम सर्व्हरवरचं फोल्डर उडवायचं होतं, उडवलं मुख्य सर्व्हरवरचं. एक-दोन सेकंदांत लक्षात आलं, कमांड थांबवली, पण तोवर सुमारे ३०० जीबीमधले जेमतेम ४.५ जीबी उरले होते.

मग बॅकअप शोधायला गेले. कागदावर पाच वेगवेगळ्या व्यवस्था होत्या. त्यांनीच नंतर लिहिलं की पाचपैकी एकही भरवशाने चालत नव्हती. रोजचा बॅकअप घेणारं टूल डेटाबेसच्या आवृत्तीशी जुळत नसल्यामुळे गपचूप फेल होत होतं. फेल झाल्याचे ईमेल जायचे, पण त्यांवर योग्य सही नसल्यामुळे मेल सर्व्हर ते नाकारायचा. त्यामुळे कुणाला पत्ताच नाही!

वाचवलं कशाने? एका इंजिनियरने टेस्टिंगसाठी सुमारे सहा तास आधी सहज काढलेल्या स्नॅपशॉटने. नशीब. तरी त्या सहा तासांतला डेटा गेलाच.

गिटलॅबचं कौतुक एवढ्यासाठी की त्यांनी काही लपवलं नाही. रिकव्हरीचं काम यूट्यूबवर लाइव्ह दाखवलं आणि सगळं सविस्तर लिहून काढलं. यातून धडा घ्यायचा तो असा: 'बॅकअप फेल झाला' ही सूचना आली नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असं धरू नका. उलट 'बॅकअप झाला, एवढ्या साइझचा झाला' अशी खात्री रोज मिळायला हवी. ती आली नाही तर अलार्म वाजला पाहिजे.

[०९:४५] सगळी अंडी एका टोपलीत?

"आपलं तर क्लाउडवर आहे, काय टेन्शन?" असं म्हणणारे खूप भेटतात. पण क्लाउड म्हणजे शेवटी कुठल्यातरी इमारतीतले सर्व्हरच ना. १० मार्च २०२१ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गमध्ये ओव्हीएच या कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि एक पाच मजली इमारत जळून गेली. ज्यांचा डेटा आणि बॅकअप दोन्ही त्याच आवारात होते, त्यांच्यातल्या अनेकांकडे परत आणण्यासारखं काही उरलं नाही.

म्हणून बॅकअपची एक प्रत दुसऱ्या रीजनमध्ये ठेवा. एका रीजनमध्ये बहुधा तीन 'झोन' असतात, पण ते सहसा एकाच शहराच्या परिसरात असतात. एका इमारतीला आग लागली तर दुसरा झोन तुम्हाला तारेल. पण पूर्ण शहर ठप्प झालं तर? २६ जुलै २००५ आठवा, किंवा घरी विचारा. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. आता भारतातच पर्याय आहेत: एडब्ल्यूएसचे रीजन मुंबई आणि हैदराबादला, गूगलचे मुंबई आणि दिल्लीला, अझूरचे पुणे आणि चेन्नईला. आणि पेमेंटचं काम करत असाल तर दुसरा रीजनही भारतातलाच हवा, कारण पेमेंटचा डेटा देशातच साठवायचा हा रिझर्व्ह बँकेचा २०१८चा आदेश आहे.

आता अजून एक पायरी पुढे. मे २०२४मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या पेन्शन फंडाची गूगल क्लाउडवरची एक प्रायव्हेट क्लाउड व्यवस्था डिलीट झाली. दोन वेगळ्या ठिकाणी प्रती होत्या, दोन्ही गेल्या. कारण? व्यवस्था उभी करताना गूगलकडच्या एका टूलमध्ये एक रकाना रिकामा राहिला होता. त्यामुळे मुदत आपोआप एक वर्षाची धरली गेली आणि वर्ष संपल्यावर सगळं उडालं. सहा लाखांहून जास्त सभासदांना आठवडाभरापेक्षा जास्त काळ आपलं खातं बघता येत नव्हतं. तारलं ते वेगळे ठेवलेल्या बॅकअप्सनी, त्यात दुसऱ्या कंपनीकडे ठेवलेलेही होते.

प्रत्येकाला दोन क्लाउड परवडतील असं नाही. पण निदान बॅकअप वेगळ्या अकाउंटमध्ये तरी ठेवा, ज्याचा पासवर्ड आणि परवानग्या वेगळ्या असतील. आणि ठरावीक दिवस कुणालाही, अगदी अ‍ॅडमिनलाही, डिलीट करता येणार नाही असं लॉक लावा. हॅकर आत घुसला की आधी बॅकअपच शोधतो.

[१३:१०] किती तयारी, किती खर्च?

ढोबळमानाने चार पायऱ्या आहेत.

पहिली, नुसता बॅकअप. गरज पडली की सगळं नव्याने उभं करायचं. सगळ्यात स्वस्त, पण काही तास लागतात.

दुसरी, पायलट लाइट. जुन्या गॅस गिझरमध्ये ती छोटी ज्योत कायम पेटलेली असायची ना, तसं. दुसऱ्या रीजनमध्ये फक्त डेटाबेस चालू ठेवायचा, बाकी सर्व्हर वेळ आली की सुरू करायचे.

तिसरी, वॉर्म स्टँडबाय. पूर्ण सिस्टिम चालू, पण छोट्या आकारात. संकट आलं की मोठी करायची.

चौथी, दोन्हीकडे पूर्ण सिस्टिम कायम चालू. जवळपास दुप्पट खर्च आणि दुप्पट डोकेदुखी.

सगळ्याला चौथी पायरी लावायची गरज नसते. बिलिंग तिसरीवर, महिन्याचे रिपोर्ट पहिलीवर, अशी वाटणी करा.

[१५:००] आमचे दहा तास कुठे गेले

आता परत त्या शुक्रवारकडे येऊ.

बॅकअप एन्क्रिप्ट केलेला होता. किल्ली कुठे? तीन महिन्यांपूर्वी नोकरी सोडलेल्या एका दादाला माहीत. तो ट्रेनने कोकणात गावी निघालेला, फोनला रेंज नाही. फोन लागला रात्री दहाला. (तुम्हीही व्हॉट्सअ‍ॅपचा एन्क्रिप्टेड बॅकअप चालू केला असेल आणि त्याचा पासवर्ड किंवा ६४ अंकी की हरवली, तर तो बॅकअप व्हॉट्सअ‍ॅपलाही उघडता येत नाही. तेच हे.)

मग नवीन सर्व्हर उभा केला. फायरवॉलचे नियम कुणी लिहूनच ठेवले नव्हते, सगळे कधीकाळी हाताने क्लिक करून लावलेले. ते आठवण्यात अडीच तास. नंतर कळलं की जुन्या सर्व्हरचा पत्ता कोडमध्येच चार ठिकाणी लिहिलाय. तो बदलता बदलता पहाट.

यातली एकही गोष्ट अवघड नव्हती. आधी एकदा करून बघितली असती तर निवांत दुपारी कळली असती. म्हणून:

• सर्व्हर, नेटवर्क, परवानग्या हे सगळं टेराफॉर्मसारख्या टूलने कोडमध्ये लिहून ठेवा.

• किल्ल्या आणि पासवर्ड किमान दोन माणसांना मिळतील असे ठेवा. कुणी नोकरी सोडली की त्याच दिवशी यादी तपासा.

• काय, कुणी, कुठल्या क्रमाने करायचं याची रनबुक लिहा. ती त्याच सिस्टिमवर ठेवू नका! ४ ऑक्टोबर २०२१ला फेसबुक साधारण सहा तास बंद होतं, तेव्हा त्यांची आतली टूल्सही त्याच नेटवर्कवर असल्याने बंद पडली होती.

• दर तीन महिन्यांनी खरोखर रिस्टोअर करा, घड्याळ लावून. जमल्यास टीममधल्या सगळ्यात नव्या माणसाला फक्त रनबुक देऊन बसवा. तो जिथे अडेल, तिथे तुमची रनबुक अपुरी आहे.

• मूळ जागी परत कसं यायचं, तेही लिहा. हे हमखास राहतं.

[१८:२०] शेवटी

शनिवारी सकाळी मी त्या ताईंना फोन केला. सिस्टिम सुरू झालीय, पण कालच्या दिवसभराच्या नोंदी गेल्या, असं सांगितलं. वाटलं, आता बोलणी बसणार. त्या म्हणाल्या, "असू दे, मी वहीत लिहून ठेवते सगळं. लाइट जाते ना आमच्याकडे." आणि त्यांनी त्रेपन्न पेशंटच्या नोंदी एकेक करून पुन्हा भरल्या.

आमच्या अख्ख्या टीममध्ये चालणारा डीआर प्लॅन फक्त त्यांच्याकडे होता. वेगळ्या जागी, वेगळ्या माध्यमात आणि रोजच्या सवयीचा.

तर आजचा गृहपाठ. तुमच्या प्रोजेक्टचा, कॉलेजच्या असाइनमेंटचा, नाहीतर नुसता फोटोंचा बॅकअप घ्या आणि त्यातली एक फाइल दुसऱ्या मशीनवर परत आणून दाखवा. किती वेळ लागला आणि कुठे अडलात, ते मला कळवा.

पुढच्या भागात भेटूच. तोपर्यंत, कमांड मारण्याआधी टर्मिनल कुठला आहे ते बघा!