विश्लेषण : सोलापूरची दोन गावे जगभरच्या अर्थशास्त्रज्ञांच्या अभ्यासात कशी पोहोचली?

पावसाने दगा दिला, ज्वारी हातची गेली, तर कोरडवाहू शेतकऱ्याचे घर वर्षभर कसे चालते? पीकविमा, रोजगार हमी आणि दुष्काळी मदतीच्या चर्चेमागचा हा मूळ प्रश्न. त्याचे उत्तर शोधणाऱ्या आंतरराष्ट्रीय संशोधनात मोहोळ तालुक्यातील शिरापूर आणि उत्तर सोलापूर तालुक्यातील कळमण या गावांचा मोठा वाटा आहे. हे संशोधन काय होते आणि आज त्याचा उपयोग काय, ते पाहूया.

सोलापूरच का?

हैदराबादजवळील पाटणचेरू येथे १९७२ मध्ये ‘इक्रिसॅट’ ही आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्था सुरू झाली. ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा, भुईमूग ही कोरडवाहू पिके तिच्या कामाच्या केंद्रस्थानी होती. मात्र प्रयोगशाळेत तयार झालेले वाण शेतकरी का घेतो किंवा का नाकारतो, हे गावात गेल्याशिवाय कळणार नव्हते. त्यासाठी १९७५ मध्ये ‘ग्रामपातळी अभ्यास’ सुरू झाला.

पहिल्या टप्प्यात सहा गावे निवडली गेली. सोलापूरमधून शिरापूर व कळमण, अकोल्यातून कानझरा व किनखेडा आणि तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील महबूबनगरमधून औरेपल्ली व डोकूर. अकोल्यात बऱ्यापैकी खात्रीचा पाऊस आणि कापूस, महबूबनगरात तांबडी जमीन, तर सोलापुरात बेभरवशाचा पाऊस आणि खोल काळी माती. पावसाळ्यात मातीत मुरलेल्या ओलीवर रब्बीची ज्वारी घ्यायची, ही इथली जुनी रीत. परतीचा पाऊस हुकला की वर्ष हुकले.

माहिती कशी जमवली?

प्रत्येक गावातून ४० कुटुंबे निवडली गेली. १० भूमिहीन मजुरांची, तर लहान, मध्यम आणि मोठ्या शेतकऱ्यांची प्रत्येकी १०. कृषी पदवीधर अन्वेषक गावातच मुक्कामाला राहिले. दर तीन-चार आठवड्यांनी प्रत्येक घरी जाऊन पेरणी, मजुरी, उसनवारी, जनावरांची खरेदी-विक्री, घरखर्च अशा नोंदी घेतल्या जात. हे काम सलग दहा वर्षे चालले. एकदाच केलेल्या पाहणीतून गरिबी दिसते. चांगल्या आणि वाईट वर्षांत तेच घर कसे वागते, हे मात्र अशा दीर्घ नोंदींतूनच कळते.

नाणेफेकीतून काय कळले?

अर्थशास्त्रज्ञ हान्स बिन्सवांगर यांनी या गावांमध्ये खऱ्या पैशांचा खेळ मांडला. समोर आठ पर्याय. एका टोकाला ठरलेली रक्कम, उदाहरणार्थ ५० रुपये खात्रीने. दुसऱ्या टोकाला नाणेफेक : जिंकलात तर २००, हरलात तर शून्य. त्या काळी ५० रुपये म्हणजे शेतमजुराची कित्येक दिवसांची कमाई.

रक्कम मोठी झाली तेव्हा बहुतेकांनी मध्यम सावध पर्याय निवडला. विशेष म्हणजे गरीब आणि सधन यांच्या निवडीत फारसा फरक नव्हता. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाचा अर्थ मोठा होता. गरीब शेतकरी नवे वाण किंवा खत घेत नाही, यामागे केवळ भित्रा स्वभाव नाही. कर्ज मिळत नाही आणि पीक गेल्यावर आधार नाही, ही खरी अडचण.

दुष्काळात गाव कसे तगते?

रॉबर्ट टाउनसेंड यांनी शिरापूर, कानझरा आणि औरेपल्लीच्या नोंदी तपासल्या. १९९४ मधील त्यांच्या गाजलेल्या शोधनिबंधानुसार, एका घराचे उत्पन्न घसरले तरी त्याचा खाण्यापिण्याचा खर्च तेवढा घसरत नाही. तो गावाच्या सरासरीबरोबर वरखाली होतो. म्हणजे उसनवारी, मदत, साठवण यातून गाव बऱ्याच अंशी एकमेकांना सांभाळते. तीनपैकी एका गावात मात्र भूमिहीनांना हे कवच कमी मिळत असल्याचे दिसले.

मार्क रोझेन्झवाइग आणि ओडेड स्टार्क यांना आणखी एक धागा सापडला. ज्या घरांचे उत्पन्न जास्त अस्थिर, ती घरे लेकी लांबच्या गावी देतात. आपल्याकडे पाऊस नसला तरी सोयऱ्यांकडे असू शकतो. वाईट वर्षात बैल विकले जातात, हेही याच नोंदींतून आकड्यांत मांडले गेले. पण विकलेला बैल पुढच्या पेरणीला नसतो. आजची चूल पेटवण्यासाठी उद्याचे पीक गहाण पडते.

रोजगार हमीचा पुरावा

सगळ्या गावालाच फटका बसला, तर शेजाऱ्याकडे मागणार काय? इथे सरकारची भूमिका येते. महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळाच्या काळात रोजगार हमी योजना आली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. वॉकर, सिंग आणि अशोकन यांनी १९८६ मध्ये दाखवले की, रोहयो असलेल्या शिरापूर व कानझरा येथील भूमिहीन कुटुंबांच्या उत्पन्नातील चढउतार योजना नसलेल्या औरेपल्लीच्या तुलनेत जवळपास निम्मे होते. देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा २००५ मध्ये झाला.

पुढे काय झाले?

१९८५ नंतर नियमित नोंदी थांबल्या, त्या २००१-०२ पासून पुन्हा सुरू झाल्या. २००९ मध्ये गेट्स फाउंडेशनच्या निधीतून अभ्यासाचा विस्तार झाला. पूर्व भारत आणि बांगलादेशातील गावेही त्यात आली. ही आकडेवारी जगभरच्या संशोधकांना खुली करण्यात आली.

मधल्या खंडाची किंमत मात्र मोठी आहे. उजनीचे पाणी, बोअरवेल आणि साखर कारखाने यांनी सोलापूरची पीकपद्धती याच काळात बदलली. ज्वारीच्या पट्ट्यात ऊस शिरला. कोरडवाहू शेतकऱ्याची जोखीम पावसाची होती. उसाच्या शेतकऱ्याला धरणातला साठा, भूजल आणि कारखान्याचे थकलेले बिल अशा तिन्हींची धास्ती असते.

आज याचा उपयोग काय?

हवामानबदलामुळे पावसाचे खंड आणि अतिवृष्टी या दोन्हींना तोंड द्यायचे आहे. विमा कोणत्या जोखमीचा हवा, मदत किती लवकर पोहोचली तर बैल किंवा गाय विकावी लागणार नाही, भूमिहीनांचे काय, या प्रश्नांना एका हंगामाच्या पंचनाम्यातून उत्तर मिळत नाही. त्यासाठी त्याच घरांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी लागतात. शिरापूर-कळमणच्या कुटुंबांनी आपले हिशेब उघड केले, म्हणून हे ज्ञान उभे राहिले. ते परदेशी नियतकालिकांतून मराठीत, ग्रामसभेपर्यंत यायला हवे.