ट्रेलरखाली काय घालाल?



भातकापणी उरकली की आपल्यापैकी काही मंडळी ट्रॅक्टर-ट्रेलर घेऊन माळशेज घाट उतरतात आणि टोकावडे, सरळगाव, मुरबाड, किन्हवली, शहापूर या पट्ट्यातून जनावरांसाठी भाताचा पेंढा आणतात. तिकडे ट्रेलर सोडून रात्र काढायची वेळ आली की चाकाखाली नि जॅकखाली काय घालायचं, याचा विचार घरून निघताना कोणी करीत नाही. जागेवर सापडेल तो दगड, सापडेल ती वीट.

मागच्या एका खेपेस आम्हीही हेच केलं. सरळगावच्या पुढे एका खळ्याशेजारी जॅकखाली दोन विटा ठेवल्या. पहाटे वीट फुटली, दांडी खाली बसली आणि पेंढ्याची रास एका अंगाला कलंडली. ट्रेलरखाली झोपलेला गडी नुकताच चुलीकडे उठून गेला होता. म्हणून हा लेख.

आता हिशेब पाहा. दांडीवर ८०० किलो भार आहे असं धरा. जॅकचं पाऊल १० सेंटिमीटर चौरस असेल तर दर चौरस सेंटिमीटरला ८ किलो दाब येतो. त्याखाली ३० सेंटिमीटर चौरस जाड फळी घातली की तोच दाब एक किलोच्याही आत येतो. भातखाचराची जमीन वरून वाळलेली दिसली तरी आत ओल असते, तिथं हा फरक फार मोठा. फळी मात्र दोन इंचांहून पातळ नको. पातळ फळी मधेच वाकते आणि भार पसरतच नाही.

पेंढा हलका असला तरी रास उंच. दोन चाकांत पाच फूट अंतर आहे आणि एक चाक तीन इंच खाली आहे, तर दहा फुटांवरचा माथा सहा इंच बाजूला झुकतो. गवंड्याची पाण्याची नळी जवळ असेल तर उत्तम, नाहीतर अर्धी भरलेली बाटली फळक्यावर आडवी ठेवली तरी कल कळतो.

लाकूड कोणतं? ऐन जड, कठीण आणि या कामाला चांगला. तो वाळताना तडकतो, म्हणून चिरलेला तुकडा घेऊ नये. साग टिकाऊ, पण महाग. आंबा स्वस्त मिळतो, पण ओलीत लवकर कुजतो. सावर तर दाबानं चेपतेच. पोकळ सिमेंटचा ठोकळा आडवा पडला तर विटेसारखाच फुटतो. शहापूर-मुरबाडला रान जवळ आहे म्हणून कुऱ्हाड घेऊन शिरू नका. सागासारख्या झाडांची तोड १९६४ च्या वृक्षतोड अधिनियमाखाली येते. वखारीतून पावती घेऊन तुकडे आणा, दोन पैसे जास्त गेले तरी चालतील.

क्रम चुकला तर चांगली फळीही उपयोगाची नाही. ट्रॅक्टर जोडलेला असतानाच खालच्या अंगाचं चाक फळीवर चढवा. टायर पूर्ण फळीवर बसला पाहिजे, कडेला लोंबता नको. उंची जास्त हवी असेल तर खालची फळी लांब, वरची आखूड, म्हणजे चाक पायरीनं चढतं. मग दोन्ही चाकांना पुढून आणि मागून उटी लावा. उटी तिकोनी कापलेली असावी. गोल धोंडा म्हणजे उटी नव्हे, तो घरंगळतो. त्यानंतर जॅक टेकवा आणि शेवटी पिन काढा. दोनचाकी ट्रेलरची उटी राहिली तर पिन निघताच तो चालू लागतो. शिवाय माल मागे जास्त भरला असेल तर दांडी उसळून वर येते आणि मागचा भाग जमिनीवर आदळतो, म्हणून मागेही एक टेकण हवं. जॅकखाली एकापेक्षा जास्त ठोकळे लागले तर ते दोन-दोन आडवेउभे रचा, एकावर एक उतरंड नको. आणि ट्रेलरखाली कोणी झोपू नये, बिछाना बाजूला टाका.

उटीला भोक पाडून दोरी बांधा आणि तोंडाला पांढरा रंग द्या. घाटात गाडी थांबली की चाकाला धोंडे लावायचे आणि निघताना ते तसेच रस्त्यावर टाकून जायचे, ही आपल्याकडची फार वाईट खोड. मागून अंधारात येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला ते दिसत नाहीत. दोरी असली की उटी आपोआप गाडीबरोबर येते.

ऐनाच्या चार फळ्या, चार उट्या आणि एक टेकण असा नमुना आम्ही शेतकी कार्यालयात मांडून ठेवला आहे. येताना आपल्या टायरची रुंदी मोजून आणावी, म्हणजे सुताराला माप देता येईल.